गॅलरीतली रिकामी खुर्ची

"खुर्ची जाग्यार आसा ना रे?" हॉस्पिटलमध्ये दत्तूकाकांनी मला एवढंच विचारलं. मी त्यांचा हात हातात घेऊन "आहे, काका" म्हणालो. खरं तर नव्हती. त्यांचं स्ट्रेचर बाहेर काढताना मीच ती उचलून जिन्याखाली ठेवली होती. पण जाणाऱ्या माणसाचं मन कशाला मोडायचं, असं वाटलं. दोन दिवसांनी काका गेले. त्यालाही आता दीड महिना झाला, आणि ते खोटं काही माझी पाठ सोडत नाही.

लालबागच्या आमच्या चार मजली सोसायटीत काका तिसऱ्या मजल्यावर राहायचे आणि मी बरोबर त्यांच्या खाली, दुसऱ्यावर. काका मूळ मालवणकडचे. जन्मभर सेंट्रिंगचं काम केलं, म्हणजे स्लॅबचं ओलं काँक्रीट घट्ट होईपर्यंत त्याच्याखाली फळ्या नि टेकू उभे करायचे. त्यामुळे वादळाच्या वर्षी सेक्रेटरी म्हणून सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी काकांकडे. त्या चक्रीवादळात गच्चीवरचे पत्रे पार समोरच्या गल्लीत जाऊन पडले आणि पाण्याची टाकी गडगडत आली ती थेट काकांच्या दारासमोर. तिथला कठड्याकडचा गॅलरीचा तुकडाच खाली आला. पावसाच्या तोंडावर आम्ही आधी पत्रे बसवून घेतले. गॅलरीचं काम लांबत लांबत श्रावणात गेलं. काका हातात काठी घेऊन सगळ्या गॅलऱ्या ठोकत फिरायचे. मलाही शिकवलं. "कान दी. भरीव जागा खणखणीत बोलता. पोकळ जागा बद्द बोलता." मी मान डोलवायचो. मला दोन्ही आवाज सारखेच वाटायचे.

नवा स्लॅब घातला आणि त्याचे टेकू आले खाली, माझ्या दारापुढे. आठ दिवसांवर गणपती. टेकूंच्या त्या जंगलातून मूर्ती आणायची तर वाकून, तिरकी करून आणावी लागणार. बाप्पाला का असं वाकवत घरात आणायचं? हे मी म्हणालो, घरातले म्हणाले, अख्खा मजला म्हणाला. एकटे काका नाही म्हणाले.

"टेकू काढू नको रे बाबू. माल अजून ओलो आसा."

"काका, देवाचं काम आहे. काही होत नाही."

"देवाचा काम आसा म्हणानच सांगतंय."

मी टेकू काढायला लावले. गणपती ताठ मानेनं आले, आरत्या झाल्या, मोदक झाले. विसर्जनानंतर माझ्या गॅलरीच्या छताला केसासारखी चीर दिसली. काका म्हणाले, परत टेकू लाव. मी म्हणालो, दिवाळीनंतर बघू. दिवाळीआधी मी चिरेत पुट्टी भरून वर रंग मारून घेतला. दिवाळीनंतर त्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा मी त्यांना छत दाखवलं. चीर दिसतच नव्हती. काकांनी एकदा वर बघितलं आणि ते जिना चढून गेले.

त्यानंतर ती खुर्ची आली. साधी, निळी, प्लास्टिकची. काकांनी ती वर आपल्या दारासमोर कठड्याला लावून ठेवली. त्याच वर्षी काकी गेल्या होत्या, आणि त्यांना कठड्याशी बसून रस्ता बघायची सवय होती. त्यामुळे सगळ्या बिल्डिंगनं अर्थ लावला, की म्हातारा बायकोची जागा राखतोय. मीसुद्धा. खुर्चीवर कोणी बसत नव्हतं, काकाही नाही. लोक भिंतीला चिकटून, पलीकडून जायचे. मिरवणुकीच्या दिवशी पोरं कठड्यावर रेलायला आली की काका असे अंगावर धावून जायचे, की आम्ही हसायचो. "काकीला धक्का लागतो वाटतं," असं मी एकदा तोंडावर बोललो होतो. ते हसले नव्हते.

काकांच्या बाराव्याला तिसरा मजला माणसांनी भरून गेला. खुर्ची नव्हती, म्हणून माणसं कठड्याशी उभी होती. मीही होतो. काकांची काठी दाराला टेकवलेली होती. सवयीनं हातात घेतली आणि उगाच खाली टेकली. भिंतीकडे खण्ण वाजलं. कठड्याकडे... बद्द. मी पुन्हा ठोकलं. आवाज ओळखायला मला इतकी वर्षं लागली. "सगळ्यांनी आत या," मी म्हणालो.

आता माझ्या दारापुढे पुन्हा टेकू उभे आहेत. इंजिनीयर येऊन गेला, तो तुकडा तोडून नव्यानं घालायचा आहे. यंदा आमचा गणपती वाकूनच येईल.

काकांनी माझी चूक चारचौघांत कधी उघडी केली नाही. नुसती तिच्यावर खुर्ची ठेवली आणि इतकी वर्षं राखण केली. मी त्यांना एक खुर्चीसुद्धा राखून दिली नाही.

निळी खुर्ची मी जिन्याखालून परत नेऊन ठेवली. रोज सकाळी वर जातो आणि भिंतीला चिकटून उभा राहतो. आहे, काका. जाग्यावर आहे.