चादरीचं दुसरं टोक

चादरीची घडी अर्धीच झाली होती. एक टोक आईच्या हातात, दुसरं खारूच्या. पेन्सिली कुरतडायची म्हणून पोरीला सगळे खारूच म्हणत. तिला शाळेत न घालता घरीच शिकवायचं असं आईनं ठरवलेलं, त्यामुळे कामं करता करताच त्यांचा वर्ग भरायचा.

"सात आठे?"

"चोपन्न... नाही, छप्पन्न!"

"शाब्बास." आईनं चादर ओढली. पण मनात शंकेची पाल चुकचुकतच होती.

काल ती दवाखान्यात गेलेली असताना नवऱ्यानं खुर्चीत पडल्या पडल्या पोरीला हेच पाढे विचारले, तर निम्म्याहून जास्त चुकले. "तुझी शाळा नुसती वरवरची," असं वर ऐकवलंन. सोमवारी शिक्षण खात्याच्या बाई परीक्षा घ्यायला येणार होत्या, तेव्हा आईला खोलीत बसायची परवानगी नव्हती. खारू नापास झाली की घरची शाळा बंद.

माझ्यापुढे सगळं बरोबर, बापापुढे सगळं चूक? कुठेतरी पाणी मुरत होतं. पोरीला नक्की कोणीतरी उत्तरं पुरवत होतं.

पहिला संशय पुस्तकावर. उत्तरांची पानं आईनं सकाळीच कापून देवाच्या तसबिरीमागे दडवली होती. तिथे हात घालायची या घरात कोणाची छाती नव्हती. मग राहिल्या सासूबाई. खिडकीपाशी विणत बसलेल्या, आणि आज त्यांच्या सुया जरा जास्तच वाजत होत्या.

"आई, तुम्ही आतल्या खोलीत बसता का? तिकडे उजेड चांगला आहे."

"तिकडे खिडकीच नाही," सासूबाई म्हणाल्या. तरी लोकर काखोटीला मारून गेल्या. दार मात्र सताड उघडं ठेवून.

"बारा सत्ते?"

"ब्याण्णव... थांब, चौऱ्याऐंशी!"

पुन्हा बरोबर! म्हणजे सासूबाई सुटल्या. मग नवराच? त्याला पहिल्यापासून शाळाच हवी होती. मुद्दाम पोरीला गडबडवलं असेल. आज घरी आला की बघतेच, असं आई मनाशी म्हणते आहे तोच आतून आवाज आला.

"अगं, ओढ तरी, नाहीतर सोड तरी ती चादर! मध्येच काय थांबतेस?"

"मी कुठे थांबले?"

"पोरगी चुकली की थांबतेस. इथून दिसतंय मला."

आईनं चमकून खारूकडे पाहिलं. खारू तिच्या तोंडाकडे बघतच नव्हती. तिची नजर होती आईच्या हातांवर.

"काय गं हे?"

"तुझा हात थांबला की उत्तर बदलायचं," खारू म्हणाली, जसं काही हे सगळ्या जगाला ठाऊक होतं. "लसूण सोलताना पण तसंच. भांडी घासताना तर लगेच कळतं. बाबांचे हात हलतच नाहीत."

"जन्मात हलले नाहीत," आतून सासूबाई.

आईनं चादर खाटेवर टाकली, पोरीकडे पाठ केली आणि हात पदराखाली घेतले. "आठ नव्वे?"

"इकडे बघ ना."

"आठ नव्वे?"

मग बारीक आवाजात, "चौसष्ट?"

आई श्वास रोखून उभी राहिली.

"हं, खांदे ताठ झाले! बहात्तर!"

आईला हसू आलं. पोरीनं पाढे सोडून आईच पाठ केली होती. आणि ती आई सोमवारी दाराबाहेर असणार होती. देवा, आता तूच सुचव.

खालच्या मजल्यावरून शिलाई मशीनची घरघर येत होती. शिंपीणबाई. त्यांच्याशी कोणी काही बोलो, भांडो, रडो, मशीनवरचे हात काही थांबत नसत. त्या तरी पोरीला खुणा करणार नाहीत ना, ही शंका आईला होतीच. तिनं तसबिरीमागची पानं काढून ब्लाउजमध्ये खोचली. घरात ठेवून जायचा धीर होईना.

"खारू, चादर आजीबरोबर पुरी कर. आणि आई, हात थांबवू नका."

ती जिना उतरू लागली. शिंपीणबाईंना विचारायचं होतं, सोमवारपर्यंत रोज खारूचे पाढे घ्याल का.