हर्नडनच्या काकूंची पोस्टरं

जुनी पोस्टरं विकून कोणी पोट भरू शकतं, हे माझ्या आईला शेवटपर्यंत पटलं नाही. नागपूरहून तिचा फोन आला की ती हटकून विचारायची, "अजून त्या फाटक्या कागदांचंच चाललंय का?" मी हो म्हणायचे. पुढे तिनं शेजारणीला सांगून टाकलं, की आमची मुलगी अमेरिकेत आर्टमध्ये आहे. तेवढ्यावर आमचं मिटलं.

सुरुवात पिस्कॅटवे गावात झाली. नवरा कामाच्या व्हिसावर आला होता आणि मी त्याच्यासोबत. मला राहायची परवानगी होती, नोकरीची नव्हती. शनिवारी सकाळी तो झोपलेला असायचा तेव्हा मी आसपासच्या गल्ल्यांमधून यार्ड सेल, म्हणजे लोक अंगणात मांडून जुनं सामान विकतात ते, बघत फिरायचे. घ्यायचं काही नसे, पण त्या निमित्ताने माणसांशी बोलणं व्हायचं. अशाच एका अंगणात, टेबलाखाली घडी करून ठेवलेलं सर्कशीचं पोस्टर मला मिळालं. त्यावरचा वाघ चवताळलेला वगैरे नव्हता, चक्क कंटाळलेला होता. मला तो फार आपला वाटला. आठवडाभर भिंतीवर राहून पावसात गळून पडायला केलेला हा कागद इतकी वर्षं टिकला कसा, याचं मला इतकं कुतूहल वाटलं की मी तसले कागद शोधतच राहिले. ग्रीन कार्ड येईपर्यंत पलंगाखाली जागा उरली नव्हती.

मग विकायला लागले. जत्रेतल्या दुकानासारखे स्टॉल लावले, गाडीत पोस्टरांची नळकांडी भरून फिलाडेल्फियापासून बोस्टनपर्यंत हिंडले. कागद ओळखणं, घड्या उलगडणं, पोस्टर कापडावर चढवणं, सगळं पडत-धडपडत शिकले. पण एक गोष्ट इतक्या वर्षांत सोपी झाली नाही. माणसं मोठ्या आशेनं घरातलं पोस्टर दाखवतात आणि आपल्याला सांगावं लागतं की हे मूळचं नाही, नंतर छापलेलं आहे. समोरच्या माणसाला त्या क्षणी आपला राग येतो, आणि तो बरोबरच असतो. त्याच्या घरात येऊन आपण त्याच्या भिंतीवरचं काहीतरी कमी करून गेलेलो असतो.

काही वर्षांपूर्वी जर्सी सिटीहून एका मुलीचा फोन आला. मुलगी म्हणजे चाळिशीची बाई, मॅनहॅटनला फायनान्समध्ये नोकरीला. वडील वारले होते. हर्नडनचं घर विकून ती आईला स्वतःजवळ आणणार होती. तळघरात वडिलांनी जमवलेली रेल्वेची जुनी पोस्टरं होती, ती मी येऊन बघावीत असं तिचं म्हणणं. "बाबा ऑलवेज सेड, ही सगळी तुझी," ती म्हणाली. "पण माझं अपार्टमेंट एवढंसं आहे. मला कळायला हवं, काय ठेवायचं."

मी चार तास गाडी चालवून हर्नडनला गेले. दार काकूंनी उघडलं. पंचाहत्तरीच्या असाव्यात, अंगावर स्वेटर, हातात चिकटपट्टीचं रीळ. मुलगी वर स्वयंपाकघर आवरत राहिली आणि काकू मला तळघरात घेऊन गेल्या. काका इंजिनिअर होते. दर वर्षी दिवाळीला स्वतःला एक पोस्टर भेट द्यायचे, टपालाने मागवून. गुंडाळ्या नीट रचून ठेवलेल्या होत्या आणि प्रत्येकीवर जाड कागदाचं वेष्टण होतं.

मी पहिली सोडली. निळं तळं, मागे बर्फाचे डोंगर आणि काठाने जाणारी लाल गाडी. सुंदर होतं. मी भिंग लावलं आणि आकाशात मला बारीक बारीक ठिपके दिसले, ओळीत मांडलेले. जुन्या शिळाछापात रंग खडूने घासल्यासारखा दिसतो. असे ठिपके म्हणजे फोटो काढून पुन्हा छापलेलं. दुसरं सोडलं, तिसरं सोडलं. मग मी भिंग खाली ठेवलं.

काकू माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "बोला."

"काकू, ही मूळची नाहीत. नंतर छापलेली आहेत."

"सगळी?"

"बघितली तेवढी सगळी."

त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या. हळूच म्हणाल्या, "वर तिला सांगू नका. तिच्या बाबांचा शब्द आहे तो."

"मी आपण होऊन नाही सांगणार," मी म्हटलं. "पण तिनं विचारलं तर मला खोटं बोलता येणार नाही."

तेवढ्यात मुलगी चहा घेऊन खाली आली. "सो? आर दे रिअल?"

मी तोंड उघडायच्या आत काकूच म्हणाल्या, "नाहीत गं."

मुलगी ट्रे धरून तशीच उभी राहिली. "डिड ही नो? बाबांना माहीत होतं?"

"ते त्यांनाच विचारायला हवं होतं. मी कधी विचारलं नाही. मी तर म्हणायचे, पुन्हा कागदच आणलात!"

मुलीने ट्रे माझ्या हातात दिला आणि तळ्याच्या पोस्टरसमोर गुडघे टेकून बसली. त्या लाल गाडीच्या खिडक्या बाबा तिला लहानपणी मोजायला लावायचे, मराठीत. वीसच्या पुढे गेलं की ती अडखळायची. "आय वॉन्ट धिस वन," ती म्हणाली. बाकीच्यांचं काय करायचं ते आईने ठरवावं. मी ट्रे पायरीवर ठेवला.

चहा झाला. मी गुंडाळ्या परत बांधायला लागले तेव्हा एक वेष्टण माझ्या हातात उलटं झालं. आतल्या बाजूला रंग होता. मी ते जमिनीवर पसरलं. बोटभर जाडीची लाल देवनागरी अक्षरं, काळी किनार दिलेली, मात्रा पागोट्यासारख्या तिरक्या. विनोदी नाटकाची जाहिरात होती. कोपऱ्यात मोठ्या नाकाचा एक गृहस्थ छत्री उघडत होता. खाली लिहिलं होतं: 'जेवणाची सोय आहे. ताटं घरून आणावीत. बर्फ पडल्यास प्रयोग पुढच्या शनिवारी.'

"अगंबाई, ते होय!" काकू म्हणाल्या. "ते माझं. रद्दी आहे ती."

मी दुसरं वेष्टण उलटं केलं, मग तिसरं. सगळ्यांच्या आत तेच हस्ताक्षर. त्यांनी सांगितलं ते असं. तेव्हा तिथलं मराठी मंडळ म्हणजे पाच-पंचवीस घरं. शाळेचा हॉल भाड्याने घेऊन नाटक बसवायचे. मराठी छापून देणारं इथे कोणी नव्हतं. काकूंना पुण्यात शाळेपासून अक्षरं काढायचा नाद. काका ऑफिसातून नकाशाच्या जाड कागदाची शिल्लक गुंडाळी आणायचे आणि मुलगी झोपली की काकू स्वयंपाकघराच्या जमिनीवर बसून रंगवायच्या. एक पोस्टर किराणा दुकानाच्या काचेवर, एक शाळेच्या दारावर. प्रयोग झाला की काका ते काढून घरी आणायचे.

"कशाला, म्हणून मी चिडायचे. ते म्हणायचे, चांगला कागद आहे, वाया कशाला घालवायचा?"

मुलगी त्या छत्रीवाल्याकडे बघत होती. "आई, यू मेड दीज? तू मला कधी सांगितलं नाहीस."

"त्यात सांगायचं काय? पोळ्यासुद्धा मीच करायचे."

मी ती विकत मागितली. काकू हसायला लागल्या आणि म्हणाल्या, घेऊन जा, रद्दीचा कसला भाव. मी फक्त दुरुस्तीसाठी नेली. घरी येऊन ओल्या कापसाचा बोळा एका कोपऱ्याला टेकवला तर लाल रंग लगेच बोळ्यावर उतरला. शाळकरी मुलांचा रंग तो. पाण्यात घालायचा प्रश्नच नव्हता. मी नुसती दमट हवा दिली आणि टीपकागदात घालून वजनाखाली ठेवली. सुरकुत्या गेल्या, भेगा तशाच राहिल्या. काकू तोवर जर्सी सिटीला राहायला आल्या होत्या. ट्रेनने मला भेटायला आल्या, टेबलावर वाकून बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हा 'ळ' बिघडलाय." मग मला म्हणाल्या, "तुला खरंच यात काही दिसतं, की माझं मन राखतेस?" त्या दिवसापासून मी 'तू' झाले.

मला जे दिसत होतं ते त्यांना नीट सांगता आलं नाही. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या सर्कशी, दुसऱ्यांच्या गाड्या, दुसऱ्यांची थंड हवेची ठिकाणं विकली. ही पोस्टरं ज्या माणसांसाठी होती त्यांच्यात मीही बसू शकले असते, घरून ताट घेऊन. त्यानंतर मी ओळखीच्या प्रत्येक काका-काकूंना विचारत सुटले, तुमच्याकडे अशी काही आहेत का? बहुतेकांनी घर बदलताना टाकून दिली होती. एका काकांनी तर मलाच विचारलं, "आम्ही नाटकं करायचो हे तुला कोणी सांगितलं?"

मागच्या वर्षी इथल्या मराठी मंडळाचं नाटक होतं, एका शाळेच्या हॉलमध्ये. जाहिरात व्हॉट्सअॅपवर फिरत होती, कॉम्प्युटरवर केलेली. मी सेक्रेटरीला म्हटलं, दारावर एक कागदी पोस्टर लावू दे. काकूंनी पंधरा दिवस घेतले. हात थरथरतो म्हणून अक्षरं मोठी काढली. प्रयोगाच्या सकाळी आम्ही दोघी शाळेत गेलो. टेप चिकटेना, थंडीने काचेवर दव धरलं होतं. काकूंनी पिशवीतून डबा काढला. घरून कणकेची खळ करून आणली होती.

"काकू, शाळा रागावेल."

"रागावू दे. नाटक तर होऊ दे आधी."

हॉल भरला होता. काकू पहिल्या रांगेत, शेजारी त्यांची लेक. मध्यंतरात लोक दारापाशी जाऊन फोटो काढत होते. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरीचा फोन आला. शाळेची ईमेल आली होती, काच स्वच्छ करून द्या. "मावशी, तुम्हीच बघा यार," तो म्हणाला.

मी बादली, स्पंज आणि खरवडणी घेतली. काकू म्हणाल्या, मीही येते. मला ते पोस्टर अख्खं सोडवायचं होतं. मी कडेने सुरी सरकवून बघितली, पण खळ दगडासारखी वाळली होती. कागद जपायच्या एवढ्या वर्षांच्या सवयीने माझा हात पुढे जाईना. काकूंनी माझ्या हातातून स्पंज घेतला, कोमट पाण्यात बुडवला आणि सरळ अक्षरांवर फिरवला. लाल ओघळ काचेवरून खाली आले. मीही दुसऱ्या बाजूने खरवडायला लागले. कागद पट्ट्यापट्ट्यांनी निघत होता.

"वाईट वाटतंय का, काकू?"

"नाही गं," त्या म्हणाल्या. "वरचा कोपरा राहिलाय. तुझा हात पोचतो, तू घे."