श्रीपतीच्या नावाची मोकळी जागा

शिंप्याच्या दुकानात कापडापेक्षा गप्पाच जास्त कापल्या जातात! राहुरीच्या बाजूचं आमचं गाव, पेठेत माझं दुकान, आणि दुकानाच्या ओट्यावर रोज संध्याकाळी आमची बैठक. शाळेतले गुरुजी, पहिल्या जर्मन लढाईत जाऊन आलेले हवालदार आणि मी. दुसरी लढाई संपली तेव्हा याच ओट्यावर ठरलं, की गावची जी पोरं परत आली नाहीत त्यांच्या नावाचा दगड उभा करायचा. त्या एका दगडानं इतके किस्से दिले, की एक सांगायला घ्यावा तर दुसरा सदरा ओढतो. हसू येतं सांगताना, आणि रडूही.

*

जागा ठरली मारुतीच्या देवळाजवळ. तिथं जुने वीरगळ आहेत, म्हणजे पूर्वीच्या लढायांत पडलेल्यांचे दगड. गुरुजींना इतिहासाचा भारी नाद. त्यांनी म्हाताऱ्यांना गोळा करून विचारलं, "हे वीर कोण, सांगा बघू."

झालं! एका घोडेस्वाराच्या दगडावरून दोन घरं भांडायला उठली. "आमचा खापरपणजा हाय त्यो!" "हॅट्! आमचा!" पार हातघाईवर आले की! हवालदार म्हणाले, "आरं, एकानं मानूस घ्या, दुसऱ्यानं घोडं घ्या!"

सगळे हसले. गुरुजी मात्र हिरमुसले. "नाव नसलं की हे असं होतं," ते म्हणाले, "आपण नावं कोरायचीच."

*

मग नावं विचारत घरोघर हिंडलो. बायजाबाईच्या दारात पाय टाकताना मात्र तिघंही अडखळलो. तिचा एकुलता एक श्रीपती ब्रह्मदेशात गेलेला. 'बेपत्ता' अशी सरकारी तार आली होती. त्याच्या पलटणीतला एक जण तर गावात येऊन सांगून गेला होता, की माझ्या डोळ्यांदेखत नदीनं नेलं त्याला.

बायजाबाईनं आम्हांला गुळाचा चहा दिला. कपबश्या उचलता उचलता गुरुजींना म्हणाली, "मास्तर, माझ्या श्रीपतीचं नाव घालाल, तर त्यो दगड फोडीन मी. माझ्या सुनंच्या कपाळाचं कुकू हाय त्ये."

सून हौसा दाराआड उभी होती. विशीतली पोर, लग्नाला वर्ष व्हायच्या आत नवरा गेलेला. आम्ही उठलो. गुरुजींनी भिवा पाथरवटाला सांगितलं, "खाली एका नावाची जागा मोकळी सोड." भिवानं का म्हणून विचारलं नाही. गावात सगळ्यांनाच ठाऊक होतं.

*

दुसऱ्या एका घरी निराळीच तऱ्हा! सरकारदरबारी मेलेला तो किसन, आणि किसन आमच्यासमोर बैलांना वैरण टाकत उभा!

खरा गेला होता धाकटा, नामदेव. वय भरत नव्हतं म्हणून पठ्ठ्यानं थोरल्या भावाचं नाव सांगून भरती गाठली होती. गुरुजींनी कपाळाला हात लावला. "आता लिहायचं कुणाचं?"

"त्याचंच लिवा, मास्तर," किसन म्हणाला. "माझं नाव घिऊन गेला, आन् माझं मरान बी घिऊन गेला!"



*

दगड उभा राहिला. गुरुजींनी भाषण केलं, लोकांनी फुलं वाहिली. आणि पुढच्याच शनिवारी बघतो तर काय, सगळा दगड तेलाशेंदरानं लालभडक! एकही अक्षर दिसेना!

नामदेवाची आई तिथंच वाटी घेऊन बसलेली. गुरुजी कडाडले, "अहो, हा काय मारुती आहे? नावं बुजवलीत की सगळी!"

म्हातारी म्हणाली, "मला कुठं वाचाया येतंय, मास्तर? दर शनवारी त्याला तेल लावून न्हाऊ घालत हुते. तेवडंच येतं मला."

गुरुजी खालीच बसले. स्वतःच्या उपरण्यानं एकेक अक्षर पुसून काढलं. मग म्हणाले, "आई, तेल लावत जा. शेंदूर तेवढा नको." आजही शनिवारी त्या दगडाला हात लावा, ओशट लागतो.

*

पुढं वर्षभरानं हौसाचा भाऊ आला, श्रीरामपूरकडचं स्थळ घेऊन. बिजवर होता, पण माणूस भला. त्यांच्यात पाट लागतो, विधवेचं दुसरं लग्न होतं. पण पंच अडून बसले. "नवरा गेला हे सासूच कबूल करीना, मग पाट लावायचा कसा?" हौसा तर ऐकायलाच तयार नव्हती. "आत्याबाईंना टाकून मी कुटं जात न्हाई!" भाऊ आला तसा खाल मानेनं परत गेला. पोरीचा जन्म असाच जाणार, असं आम्ही ओट्यावर बोललो आणि फार वाईट वाटलं.

त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी बायजाबाई दुकानात आली. हिरवा खण माझ्यापुढं टाकला. "हौसाची चोळी शिव. पाटाची."

मी नुसता बघत राहिलो.

"बघतोस काय? मी आज हाय, उद्या न्हाई. तिनं कुनाकडं बघायचं? चल, भिवाला बोलाव."

गुरुजी आले, हवालदार आले. गुरुजींनी मोकळ्या जागेवर खडूनं नाव लिहिलं. बायजाबाई दगडाला लागून बसली. भिवानं छिन्नी टेकवली, हातोडा उचलला, तोच तिनं त्याचं मनगट धरलं. आम्हांला वाटलं, मोडला बाईचा धीर. हवालदारांनी तर तोंडच फिरवलं.

"ठोक," ती म्हणाली, "पन जरा हळू ठोक रं बाबा. झोपंतनं दचकून उठतो त्यो."