भुंकण्याची मजुरी

शेजारचे गुरुजी नि बाई सकाळच्या एसटीने मेडशीच्या शाळेत जातात आणि त्यांचं कुत्रं दिवसभर फाटकाआड एकटंच भुंकतं. नोकरीतून रिटायर झालो ते दुपारी झोपायला. ती झोपच गेली. मग मी शक्कल काढली. ते भुंकलं की भिंतीवरून बिस्कीट टाकायचं. आठवडाभरात ते दुप्पट भुंकू लागलं.

रोज दारावर येणारी भाजीवाली हे बघत होती. तिचं नाव मला आजही ठाऊक नाही. डोक्यावरची पाटी उतरवून, पदराने मान पुसत ती म्हणाली, “भाऊ, तुमी त्याले भुकन्याची मजुरी देऊन राह्यले. मंग थे कायले थांबीन?”

मग फाटकाला टेकून तिने भाकरी सोडली आणि भेंडीचा भाव, सुनेचं माहेर, सगळं कुत्र्याला सांगत बसली. ते पायांवर तोंड ठेवून ऐकत होतं.

“त्याले बिस्कूट नाई, बोलाले कोनी पायजे,” उठताना ती म्हणाली. “आन् तुमाले बी.”

आता दुपारी मी फाटकापाशी खुर्ची टाकतो. माझे ऑफिसातले किस्से सुरू झाले की पाच मिनिटांत कुत्रं घोरू लागतं. झोपायचं होतं मला, झोपतं ते. पण किस्सा अर्ध्यावर टाकून मला काही उठवत नाही.