उरलेली चार इंजेक्शनं

ही हकीगत मी इतकी वर्षं टाळली. बायको गेल्यावर मुलीने विचारलं, आईच्या पायांना नेमकं काय झालं होतं? "डॉक्टरांनाच कळलं नाही," म्हणून मी मोकळा झालो. ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं.

ऐंशी सालानंतर आम्ही कळंबोलीच्या नव्या वसाहतीत राहायला आलो. मी भूसंपादनाच्या कचेरीत कारकून. आसपासच्या गावांच्या जमिनी गेल्या, त्यांच्या नोटिसा माझ्याच हातच्या. बायको त्यातल्याच नावड्याला एका घरी वाल आणायला गेली आणि तिथल्या अंगणातला कुत्रा तिच्या पोटरीला चावला.

तेव्हा पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत, रोज एक. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवा. धडधाकट राहिला तर पुढची बंद करू." नजर ठेवायचं काम माझं. मी एकदाही गेलो नाही. ज्यांना नोटिसा धाडल्या त्यांच्या दारात उभं राहून "तुमचा कुत्रा बघू द्या" म्हणायची मला लाज वाटली, आणि भीतीही. संध्याकाळी नाक्यावर चहा पिऊन घरी यायचो आणि सांगायचो, "पळालाय म्हणतात. दिसत नाही कुठे."

दहावं इंजेक्शन झालं त्या दिवशी नावड्याची मासेवाली दारात आली. बायको शेजारी गेली होती.

"वैनी बऱ्या हायत ना?"

"तुमच्याकडचा कुत्रा पळाला ना. आता सगळी घ्यावी लागणार."

"कुठं पलाला? हाय की दारान! काल माझेच टोपलीन तोंड घातलान मेल्यानं. वैनींना सांगा, भ्यावाचा काम नाय." टोपली उचलताना हसून म्हणाली, "जमिनी मोजाला बरं येता, कुत्रा बघाला नाय आलात!"

"सांगतो," मी म्हणालो. सांगितलं नाही. दहा दिवसांचं खोटं उघडं पडलं असतं. चारच तर उरलीत, घेतली म्हणून काय बिघडतंय, अशी मनाची समजूत घातली.

तेराव्या दिवशी तिच्या पायांना मुंग्या आल्या. मग तळवे बधिर झाले. चालताना चप्पल निसटून मागे राहायची आणि ती तशीच चार पावलं पुढे जायची. पनवेल झालं, मुंबईची मोठी इस्पितळं झाली. एक डॉक्टर म्हणाले, इंजेक्शनामुळे असू शकतं. लिहून द्या म्हटलं तर दिलं नाही. दुसरे म्हणाले, मनाचं आहे. मला तेच सोयीचं होतं. तिच्या भावासमोर मी म्हणालो, "हिचं निम्मं दुखणं डोक्यात आहे." शेजारणींना ती सांगायची, "मुंग्यांनी पायात सोसायटी काढलीय, रजिस्ट्रेशन तेवढं बाकी आहे." सगळ्या हसायच्या. मीही हसायचो.

इंजेक्शनांना मी दोष देत नाही. कुत्रा पिसाळलेला असता तर त्यांनीच ती वाचली असती. शेवटची चार टळली असती तर पाय शाबूत राहिले असते का, हेही कुणी सांगू शकत नाही. पण ती टाळणं माझ्या हातात होतं, एवढं मला ठाऊक आहे.

काही वर्षांनी चहाचं आधण तिच्या पायावर सांडलं. फोड येईपर्यंत तिला पत्ता नव्हता. मी खाली बसून मलम लावत होतो. ती एकदम म्हणाली, "अहो, तो कुत्रा खरंच सापडला नव्हता ना?"

मासेवाली तिला काही बोलली होती की काय, मला कधीच कळलं नाही. मी गेलोच नाही गं, तो जिवंत होता, मला माहीत होतं, माझं चुकलं. सगळं तोंडाशी आलं होतं.

मी म्हणालो, "पाय हलवू नकोस."

"हलला का?" तिने विचारलं.