हात रे!

शेजारची चिमी नुकतीच चालायला लागलीय आणि सारखी धडपडते. तिला रडू फुटलं की तिची आई जमिनीवर चापट मारते, "हात रे जमिनीला!" मग चिमीही डोळे पुसत भिंतीला, पाटाला, उंबऱ्याला बडवते, "हात ले! हात ले!" आम्ही पोट धरून हसतो. ज्यानं लागलं त्याला तिथल्या तिथे फटका; मोठ्यांच्या जगात असा रोकडा न्याय कुठला?

काल वाटी परत द्यायला गेले, तर तिच्या आईचा ओठ फुटलेला. "दार आपटलं हो काकू तोंडावर," ती म्हणाली. नवरा मोबाइलमधून मान वर काढेना. चिमी उठली. आता दार मार खाणार, म्हणून मी हसायच्या तयारीत होते. ती दाराजवळून पुढे गेली आणि बापाच्या हातावर जीव खाऊन फटके मारू लागली, "हात ले बाबाला! हात ले!"