इंजिन बदललं आणि माझे हात चुकायला लागले

मंडळी, सकाळपासून काही सुचेना म्हणून लिहितो.

माझ्या जुन्या छोट्या गाडीत रफिक मेस्त्रीने दुसऱ्या कंपनीच्या गाडीचं इंजिन बसवलं. वायरिंग आणि स्टिअरिंगजवळचे स्विचही त्याच गाडीचे. इंजिन झकास चालतं. पण सात रस्ता चौकात उजवीकडे वळायला दिवा लावायला गेलो, तर रखरखीत उन्हात वायपर सुरू! मागचा रिक्षावाला ओरडला, "आजोबा, पाऊस कुटं हाय?"

रफिक म्हणतो, "चाचा, दिव्याचा स्विच आता डाव्या हाताला. सवय होईल की."

पण परवा हिला डोळ्याच्या ऑपरेशननंतर घरी आणायचंय. ही म्हणते, "रिक्षा लई आदळते, तुमीच चालवा."

हिला एवढा भरवसा कशाचा, तेच कळेना. तुम्ही असता तर चालवली असती का?